दोन तासांची चाचणी, दोन राज्यांची वाट

सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवायचे. गरोदर बाईने ते पाच-दहा मिनिटांत पिऊन टाकायचे. दोन तासांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासायचा. साखर दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त भरली, तर तिला गरोदरपणातला मधुमेह आहे असे धरून उपचार सुरू करायचे. केंद्र सरकारने देशभरासाठी घालून दिलेली ही पद्धत निपाणीच्या सरकारी दवाखान्यालाही लागू आहे, बेळगावजवळच्या किणये प्राथमिक आरोग्य केंद्रालाही आणि हद्दीपलीकडच्या चंदगडलाही.

एवढ्या साध्या दिसणाऱ्या या चाचणीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन प्रश्न सतत एकमेकांच्या मागोमाग येतात. साखर किती झाली म्हणजे जास्त म्हणायची? आणि ती मोजून घ्यायला बाईने कुठे, किती वेळा आणि कसे यायचे? पहिल्या प्रश्नावर मोठमोठ्या परिषदा झाल्या. दुसरा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. पण चाचणी खेड्यात पोचली ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधल्यावरच, आणि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ते उत्तर अजून अर्धेच हाती आले आहे.

बर्लिन, कोपनहेगन, बॉस्टन

१८२४ मध्ये बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एका बाईची हकिगत लिहिली. फ्रीडेरिका पापे ही बावीस वर्षांची, पाचव्यांदा गरोदर. तहान काही केल्या भागत नव्हती आणि लघवीत साखर उतरत होती. बाळ बारा पौंडांचे, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपासचे. ते बाळंतपणातच दगावले. आई वाचली आणि बाळंतपणानंतर तिच्या लघवीतली साखरही गेली. गरोदरपणात येऊन नंतर निघून जाणाऱ्या मधुमेहाची ही पहिली नोंद मानली जाते.

पुढे शंभर वर्षे या बाबतीत डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडले, त्यानंतर मधुमेही बायका जगू लागल्या आणि आई होऊ लागल्या. आता प्रश्न बाळाचा होता. आईच्या साखरेने बाळ एवढे का फुगते? १९५२ मध्ये कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी त्याचा उलगडा मांडला, तो आजही पायाभूत मानला जातो. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग आलेली साखर जिरवायला बाळाचेच स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करते आणि त्या जोरावर बाळाच्या अंगावर चरबी चढते. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम तुटतो, पण बाळाच्या रक्तातले इन्सुलिन तसेच असते. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. संकेश्वर-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाणी जास्त झालेला ऊस दिसायला भरघोस असतो, पण कारखान्यात साखरेचा उतारा कमी पडतो. बाळाचे नुसते वजन पाहून ‘बाळ चांगले बाळसेदार आहे’ म्हणणे तसेच फसवे ठरू शकते.

१९६४ मध्ये बॉस्टनमध्ये जॉन ओ’सलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर बायकांना उपाशीपोटी १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तासांत चार वेळा रक्त तपासले आणि निदानाचे आकडे ठरवले. त्यांचा प्रश्न आईबद्दल होता. आज जिची साखर गरोदरपणात वाढली आहे, तिला पुढे आयुष्यात मधुमेह होईल का, हे त्यांना पाहायचे होते. बाळाच्या धोक्यासाठी हेच आकडे वापरण्याची रीत नंतर पडली. या क्रमाला महत्त्व आहे, कारण आज आपण बाळ सुखरूप झाले की आईचा तो मूळ प्रश्न विसरून जातो.

त्याच काळात सीमाभागात

बॉस्टनमध्ये हे आकडे ठरत होते तेव्हा इथे नकाशा नुकताच बदलला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सरकारी कागदावर रेघ पडली, सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच होत राहिल्या. चंदगड-गडहिंग्लजच्या लेकी बेळगाव-खानापूरला पडतात, निपाणी-चिकोडीच्या लेकी कागल-कोल्हापूरला. दवाखान्याच्या वाटाही राज्य पाहून ठरल्या नाहीत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते, मिरजेला १८९४ पासून वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय होते, आणि चंदगडकरांना बेळगाव सोयीचे. १९६३ मध्ये केएलई संस्थेने बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू केल्यावर तर दोन्ही बाजूंचा ओघ तिकडे वाढला.

पण दवाखाना असणे वेगळे आणि बाईने तिथे उपाशीपोटी जाऊन तीन तास बसणे वेगळे. निपाणीचेच उदाहरण घ्या. इथल्या तंबाखूच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या हजारो बायका. उडणाऱ्या धुळीत दिवसभर काम करायचे आणि रोजंदारीवर घर चालवायचे. ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी या बायका संघटित झाल्या, मालकांपुढे उभ्या राहिल्या. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये त्यांच्यासोबत ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. रोजचा पगार, कामाचे तास, माणसासारखी वागणूक हे त्या लढ्याचे मुद्दे होते. अशा बाईला पोटात पाच-सहा महिन्यांचे बाळ असताना ‘उद्या उपाशीपोटी या, चार वेळा रक्त देऊन जा’ असे सांगायचे, म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडायला सांगायचे. आणि रिपोर्टसाठी पुन्हा बोलावले तर दुसऱ्या दिवसाचीही. बॉस्टनची चाचणी वैद्यकाच्या दृष्टीने चोख होती, पण या बाईच्या दिवसात तिला जागा नव्हती.

सडपातळ आया, चरबीची बाळे

फक्त लठ्ठ किंवा घराण्यात मधुमेह असलेल्या बायकांचीच साखर तपासावी, असा एक सोपा मार्ग पाश्चात्त्य देशांत बराच काळ चालला. आपल्याकडे तो का चालत नाही, हे पुणे आणि म्हैसूर इथल्या दोन अभ्यासांनी दाखवले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची काटेकोर मोजमापे घेतली. बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे हाडापेराने, स्नायूंनी बारीक होती. पण कातडीखालची चरबी त्या मानाने तितकी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबीचा वाटा जास्त असतो आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे त्यातून पुढे आले.

दुसरा अभ्यास कर्नाटकातलाच. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ मध्ये आठशेच्या आसपास गरोदर बायकांची ग्लुकोज चाचणी झाली, त्यात ६.२ टक्के बायकांना गरोदरपणातला मधुमेह निघाला. संशोधकांनी त्यांच्या मुलांचा माग सोडला नाही. पाचव्या वर्षी अशा आयांच्या मुलींमध्ये, आणि साडेनऊ वर्षांच्या सुमारास मुलगे-मुली दोघांतही, इतरांपेक्षा जास्त चरबी आणि इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे दिसली. म्हणजे पोटातल्या त्या चार महिन्यांच्या साखरेचा हिशेब मूल चौथीत जाईपर्यंत संपलेला नव्हता. अंगकाठी पाहून चाचणी ठरवायची सोय आपल्याकडे उरत नाही. प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासायला हवी.

चेन्नईने चाचणी बाईकडे वळवली

प्रत्येकीची तपासायची तर कशी, याचे उत्तर चेन्नईत डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. सरकारी रुग्णालयातल्या अनुभवातून त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. बाई लांबून बसने येते, घरची कामे उरकून, काहीतरी खाऊनच येते. ‘उद्या उपाशी या’ म्हटले की तिच्यातल्या कित्येकजणी परत येतच नाहीत. म्हणून उपाशीपोटाची अट त्यांनी काढून टाकली. केव्हाही आली, काहीही खाऊन आली, तरी त्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तासांनी एकच रक्ततपासणी. १४० चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या निकषातला होताच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या देशव्यापी पाहणीत तपासलेल्या बायकांपैकी सुमारे १६.५ टक्के बायकांची साखर त्या रेषेवर निघाली. पुढच्या काळात भारतातल्या डॉक्टरांच्या अभ्यासगटाने ही पद्धत मार्गदर्शक म्हणून स्वीकारली आणि तामिळनाडूने प्रत्येक गरोदर बाईच्या साखरतपासणीत पुढाकार घेतला. शेषय्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस आता गरोदरपणातल्या मधुमेहाचा जागृती दिन म्हणून पाळतात.

चेन्नईची ती पाहणी आली त्याच सुमारास उपचाराची उपयुक्तताही पक्की झाली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एक हजार बायकांच्या अभ्यासात आहार, तपासणी आणि गरजेपुरते इन्सुलिन दिल्यावर बाळांमधली गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. २००८ मध्ये नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार बायकांच्या अभ्यासाने दाखवले की साखर जसजशी वाढते तसतसा धोका वाढत जातो. अमुक आकड्याला धोका सुरू होतो अशी ठळक रेघ नाही. त्या नऊ देशांत भारत नव्हता. या अभ्यासावरून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने उपाशीपोटी आणि नंतर दोनदा असे तीन आकडे सुचवले, आणि चेन्नईची एकाच थेंबाची पद्धत पुरेशी आहे का, हा वाद पेटला. तो वाद खोटा नाही. खुद्द चेन्नईतल्याच दुसऱ्या एका संशोधन संस्थेने २०१४ मध्ये दाखवले की उपाशीपोटी न केलेल्या चाचणीतून बऱ्याच बायका निसटतात. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. पण प्रयोगशाळा नसलेल्या गावात बाई आणि चाचणी यांची गाठच पडत नसेल, तर अधिक बिनचूक चाचणी कागदावरच राहते. सरकारने डिसेंबर २०१४ च्या राष्ट्रीय सूचनांत आणि २०१८ च्या सुधारित सूचनांत चेन्नईची वाट धरली, ती याच कारणाने.

बेळगावने दिलेला धडा

बाईला दवाखान्यात आणण्यापेक्षा दवाखाना बाईकडे नेता येतो, याचा पुरावा त्याआधीच बेळगाव जिल्ह्याने जगाला दिला होता. तो प्रयोग साखरेचा नव्हता, बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा होता. तरी तो इथे सांगायलाच हवा.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या गटाने बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात होणारी ही बाळंतपणे २५ नर्सबाईंनी, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकांनी केली. निम्म्या बायकांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. किती रक्त गेले हे नजरेने अंदाजायचे नाही, तर बाईच्या खाली खुणा असलेली प्लॅस्टिकची झोळी लावून मिलिलिटरमध्ये मोजायचे. ज्या नर्सबाई एरवी लसीकरण आणि कुटुंबनियोजनाची रजिस्टरे भरायच्या, त्यांनी कंदिलाच्या किंवा मिणमिणत्या बल्बच्या उजेडात रक्ताची पातळी वाचून तंतोतंत लिहिली. गोळ्या घेतलेल्यांत जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि अतिगंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

गोळीइतकेच महत्त्व मी त्या २५ नर्सबाईंना देतो. मोजमाप करायला मोठे इस्पितळ लागते, ही समजूत त्यांनी मोडली. ग्लुकोमीटरचा आकडा वाचणे त्या झोळीची पातळी वाचण्यापेक्षा अवघड नाही. गावातल्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांच्यावर भरवसा ठेवून देशाची साखरतपासणी उभी आहे, आणि त्या भरवशाला बेळगावच्या खेड्यांत भक्कम आधार सापडतो.

सातवा महिना आणि सव्वा महिना

आता नियम असा. पहिली चाचणी नाव नोंदवतानाच, जितकी लवकर होईल तितकी. ती चांगली निघाली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, कारण वारेतून सुटणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनला सर्वांत जास्त विरोध करू लागतात ती याच सुमारास. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा; त्यानंतर झाली तर चालू ठेवायची. साखर जास्त निघाली की आधी दोन आठवडे आहार आणि चालणे. भात-साखर-गूळ यांना आळा, एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा, ज्वारीची भाकरी मोजून, जोडीला डाळ, उसळ, पालेभाजी. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली राहिली तर बहुतेक बायकांचे यावरच भागते. न राहिली तर इन्सुलिन. २०१८ पासून मेटफॉर्मिनच्या गोळीचाही पर्याय आहे.

आता हे वेळापत्रक आपल्या घरातल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. २४ ते २८ आठवडे म्हणजे सहावा सरून सातवा महिना. आपल्याकडे डोहाळजेवण याच दिवसांत होते, ओटी भरली जाते, आणि पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. निपाणीत नाव नोंदवलेली सून कागलला जाते, बेळगावातली चंदगडला. तिची पहिली चाचणी कर्नाटकातल्या तायी कार्डावर नोंदलेली असते, दुसरी महाराष्ट्रातल्या माता-बाल कार्डावर व्हायची असते. निपाणीच्या आशाताईंच्या यादीत ती ‘माहेरी गेली’ म्हणून असते आणि कागलच्या आशाताईंना ती आली आहे हे कळायला महिना लागतो. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडताना सर्वांत मोक्याची चाचणी अशी मधल्यामध्ये हरवू शकते. यात सिस्टरचा दोष नाही आणि सुनेचाही नाही. रेघ आखणाऱ्यांनी लेकींच्या येण्याजाण्याचा विचार केला नव्हता, एवढेच.

तिसरी चाचणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. तोवर बाळाचे बारसे झालेले असते, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आग्रहाने खाऊ घातलेली असते, आणि बाळंतिणीची आई म्हणते, “सव्वा महिना झाला, आता सासरी पाठवू.” साखर आपोआप उतरली, असे सगळे धरून चालतात. ती बहुतेकींची उतरतेही. पण २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणाने सांगितले की गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपटीहून जास्त असतो. ओ’सलिव्हन यांनी १९६४ मध्ये विचारलेला प्रश्न तोच होता. सव्वा महिन्याची ही चाचणी बाळासाठी नाही, आईसाठी आहे, आणि म्हणूनच घरात तिची आठवण कुणाला राहत नाही.

माझे मागणे मोठे नाही. दरमहा ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते; हा दिवस दोन्ही राज्यांत एकच आहे. डोहाळजेवणाचा मुहूर्त काढताना त्याच्या आधीची ९ तारीख सासूबाईंनी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि सुनेला जेवूनखाऊन तपासणीला न्यावे. माहेरी निघताना ओटीतल्या नारळासोबत तिच्या पिशवीत कार्ड असावे, त्यावर साखरेचा आकडा आणि तपासल्याची तारीख ठळक लिहिलेली असावी. दोन्हीकडच्या आशाताईंनी एकमेकींचे फोन नंबर ठेवावेत. आणि सव्वा महिना होऊन लेक सासरी निघण्याआधी तिच्या आईने बाळाच्या टोपड्या-दुपट्यांइतक्याच काळजीने तिची साखर एकदा तपासून घ्यावी. शेषय्यांनी चाचणी बाईच्या दिवसात बसवली, बेळगावच्या नर्सबाईंनी मोजमाप तिच्या दारात नेले. उरलेले काम दोन राज्यांतल्या घरांचे आणि दवाखान्यांचे आहे, आणि त्यासाठी सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबायची गरज नाही.